दार अप्पांनी लावलं होतं

ज्या गुरुवारी ताईनं भुरीला पिशवीत घातलं, त्या गुरुवारी अप्पा केस कापायला गेले होते. साडेनऊला निघाले. ताई बाथरूममध्ये होती. नळ बंद करता करता तिनं दार ओढून घेतल्याचा आवाज ऐकला आणि मागोमाग लॅच बसल्याची कट्ट ऐकली. स्वच्छ ऐकली.

तिला घरात सगळेच ताई म्हणत. धाकटा भाऊ म्हणायचा म्हणून आईवडीलही म्हणायला लागले, आणि मग जिन्यातले शेजारीही. वय त्रेचाळीस, लग्नाच्या फंदात पडली नव्हती. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये अठरा वर्षं नोकरी. समोर प्लास्टरचे साचे, हातात मेणाची सुरी, आणि दिवसभर कुणाच्या तरी न पाहिलेल्या तोंडाचा विचार. हात इतका बसलेला की मालक म्हणायचे, "ताईंची कवळी घातली की माणूस भांडायला मोकळा."

भुरी आईचं मांजर. भुरकट रंगाची, डाव्या पुढच्या पायाला तेवढा पांढरा मोजा. आई दीड वर्ष अंथरुणाला खिळून होती, आणि तेवढे दिवस भुरी तिच्या पायाशी. आईचं सगळं ताईनंच केलं. आई गेल्यावर तिला वाटलं होतं, आता निदान सलग झोप लागेल. पण पहाट झाली की भुरी आईच्या खोलीच्या दाराशी बसून ओरडायला लागायची. शेवटच्या महिन्यात आई "ताई, ए ताई" अशा हाका मारायची. ती हाक आणि भुरीची ओरड ताईच्या कानात एकाच जागी जाऊन बसली. ती दचकून उठायची, अर्ध्या वाटेत तिला आठवायचं, आणि मग पुन्हा झोप नाही. त्यात भुरीनं आईच्या गादीवर घाण करायला सुरुवात केली. अप्पा चादर भिजत घालायचे आणि भुरीला मांडीवर घेऊन बसायचे.

त्या गुरुवारी ताईनं पाचवी चादर धुतली आणि तिचं डोकं फिरलं. तिनं चेन असलेली कापडी पिशवी काढली, भुरीला आत घातलं, आणि बस पकडून नदीपलीकडे मासळीच्या घाऊक बाजाराशी उतरली. अकरा थांबे. तिनं मनाशी हिशेब केला होता: तिथे मांजरांना खायला मिळतं, उपाशी मरणार नाही. बर्फाच्या कारखान्यामागे तिनं चेन उघडली. भुरी बाहेर आली, ताईच्या पायाशी बसली आणि पांढरा पंजा चाटायला लागली. ताई मागे वळून न बघता चालत सुटली आणि तिथूनच कामावर गेली.

संध्याकाळी काय सांगायचं तेही तिनं ठरवलं होतं. गॅलरीतून उडी मारली असेल, असं म्हणायचं. पण ती जिना चढून वर आली तर अप्पा दारात उभे. नुकतेच कापलेले केस, आणि चेहरा पार उतरलेला.

"ताई, भुरी नाही गं घरात. सकाळी जाताना मी दार ओढून घेतलं होतं ना? का नाही घेतलं?"

ताई चप्पल काढत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मला काय माहीत, अप्पा? मी अंघोळीला होते."

एवढंच. अप्पांनी डोक्याला हात लावला आणि म्हणाले, "म्हणजे राहिलंच असणार. माझ्याकडूनच राहिलं."

आता अप्पा कोण, ते सांगायला हवं. अप्पांनी छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. त्या धंद्यात सगळ्यात मोठं पाप म्हणजे उघडं राहिलेलं दार. त्यानं माणसं जातात. मुलं लहान असताना अप्पा जेवायला बसल्यावर हेच सांगायचे आणि आई म्हणायची, घास तरी गिळू द्या त्यांना. छत्तीस वर्षांत त्यांच्या हातून एक दार उघडं राहिलं नव्हतं. निवृत्त झाल्यावरसुद्धा इमारतीतलं कुणाचं काही बिघडलं की हाक अप्पांनाच. त्या माणसानं आता मान्य केलं की आपल्या हातून दार उघडं राहिलं, आणि आपल्या बायकोचं मांजर त्या दारातून गेलं.

ते दुसऱ्या दिवसापासून शोधायला लागले. भुरीच्या फोटोच्या पन्नास प्रती काढल्या आणि घराभोवतीच्या गल्ल्यांमधून, दुकानांच्या शटरांवर, खांबांवर चिकटवल्या. एक मांजर पायी किती लांब जाऊ शकेल याचा अंदाज बांधून त्यांनी कागदावर गोल आखला होता आणि तेवढाच भाग ते रोज पिंजून काढायचे. नदीचा पूल त्या गोलाच्या कितीतरी बाहेर होता.

तिसऱ्या दिवशी ताई गुपचूप मासळीबाजारात गेली. खोक्यांच्या रांगांमधून दबक्या आवाजात "भुरी, भुरी" करत हिंडली. वीस-पंचवीस मांजरं होती. ती नव्हती. ताई परत आली आणि तिनं अप्पांना जेवायला वाढलं.

सांगायचं तिनं त्या रात्री ठरवलं होतं. मग रविवारी सांगू म्हणाली. मग अप्पांचा रक्तदाब वाढलाय, आता नको. असे दिवस जात राहिले, आणि दिवस जातील तशी गोष्ट सांगायला जड होत गेली.

पण इकडे दुसरंच काही सुरू झालं होतं. अप्पा स्वतःवर संशय घ्यायला लागले. बाहेर पडले की पहिल्या मजल्यावरून परत वर यायचे, दार ढकलून बघायचे. कधी दोनदा, कधी चारदा. गॅस बंद केला का, हे बघायला अर्ध्या जेवणातून उठायचे. एकदा तळमजल्यावरच्या काकूंनी पंखा दुरुस्त करायला बोलावलं, तर म्हणाले, "नको वहिनी, दुसऱ्या कुणाला बोलवा. माझ्यावर आता भरवसा ठेवण्यात अर्थ नाही." काकूंना वाटलं थट्टा करतायत. अप्पांनी हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली.

धाकटा दुसऱ्या गावी राहायचा. त्यानं फोनवरूनच सूत्रं हातात घेतली. ताईला सांगून अप्पांना डॉक्टरकडे न्यायला लावलं. डॉक्टरांनी वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. अप्पांनी घड्याळाच्या आतली चाकंसुद्धा काढून दाखवली. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम. अप्पांना काही ते पटलं नाही. घरी येताना म्हणाले, "परीक्षेत पास होणारी पोरं व्यवहारात नापास होतात, तसं आहे माझं."

धाकटा ताईला म्हणाला, "डॉक्टर काहीही म्हणू देत, आपण काळजी घ्यायला हवी. दारावर एक चिठ्ठी लाव. गॅसपाशी एक लाव. आणि किल्ली त्यांच्याकडे ठेवू नकोस."

ताईनं चिठ्ठ्या लिहिल्या. स्वतःच्या हातानं, ठळक अक्षरात. "दार लावलं का?" "गॅस बंद केला का?" चिकटवताना अप्पा शेजारी उभे राहून टेप कापून देत होते. किल्ली मागितली तेव्हा त्यांनी मुकाट्यानं खिशातून काढून दिली. "बरं झालं," म्हणाले, "तेवढीच माझ्या जिवाला शांतता."

त्या आठवड्यात ताईच्या हातून तीन कवळ्या बिघडल्या. चौथी मालकांनी स्वतः करायला घेतली.

*

नऊ महिने झाले. अप्पा दिवसभर घरात बसून असायचे. शेवटी धाकट्यानंच सुचवलं, "त्यांना एक मांजर आणून दे. रस्त्यावरची मांजरं उचलून आणून बरी करतात, अशा संस्था असतात. तिथून घे दत्तक. काहीतरी नाद लागेल."

ताई नको म्हणणार होती. पण अप्पांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं. "देतील मला?" त्यांनी विचारलं.

संस्था म्हणजे एका जुन्या छापखान्याचा तळमजला. फिनेलचा वास, दोऱ्यांवर वाळत घातलेले टॉवेल, पिंजऱ्यांच्या दोन रांगा आणि मोकळी फिरणारी दहा-बारा मांजरं. ती चालवणाऱ्या बाई एका रुग्णालयात नर्स होत्या. ड्यूटी संपली की इथे यायच्या. त्यांना सगळे सिस्टर म्हणत. बोलणं तुटक, पण हात मात्र मऊ. बोलता बोलता त्या एका पिल्लाच्या डोळ्यांत थेंब घालत होत्या आणि पिल्लाला कळतही नव्हतं.

कपाटावर एक दांडगा पिवळा बोका बसला होता. एक कान फाटका, शेपटी अर्धी. खाली दोन मांजरं भांडायला लागली की तो वरूनच एक खरखरीत आवाज काढायचा आणि ती गप्प व्हायची.

"हा आमचा मुकादम," सिस्टर म्हणाल्या. "सगळ्यांवर लक्ष ठेवतो, स्वतः काडीचं काम करत नाही. दोन वर्षं झाली, याला कुणी नेत नाही. लोकांना गोंडस पिल्लं हवी असतात."

अप्पा कपाटापाशी गेले आणि काही न करता नुसते उभे राहिले. मुकादमानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग खाली उतरून त्यांच्या बुटांवर बसला. अप्पा हसले. आई गेल्यापासून ताईनं ते हसू पाहिलं नव्हतं.

सिस्टरांनी अर्ज दिला. अप्पांनी चष्मा लावून एकेक रकाना भरला. "याआधी घरात प्राणी होता का? त्याचे काय झाले?" या प्रश्नाशी ते थांबले. मग सावकाश लिहिलं: "मांजर होते. माझ्या निष्काळजीपणामुळे दार उघडे राहिले व ते हरवले."

ताई शेजारी बसून ते शब्द उमटताना बघत होती. तिला वाटलं, आत्ता पेन हिसकावून घ्यावं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं, गुंडाळलं आणि सोडलं.

"घर बघायला येते शनिवारी," सिस्टर म्हणाल्या.

शनिवारी त्या आल्या. खिडक्यांची जाळी पाहिली, गॅलरी पाहिली. दारावरची चिठ्ठी वाचली. स्वयंपाकघरातली वाचली. बाथरूमच्या नळापाशी अप्पांनी स्वतःहून लावलेली तिसरी चिठ्ठी होती, तीही वाचली. "हे काय?" त्यांनी विचारलं आणि अप्पांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. किल्ली आपल्याकडे नसते, हेसुद्धा.

सोमवारी सिस्टरांचा फोन आला. ताईनं घेतला. "माफ करा, नाही देता येणार. दार एकदा कुणाच्याही हातून राहतं, त्याचं काही नाही. पण दिवसभर घरात ते एकटे, आणि त्यांना स्वतःचीच खात्री नाही. मुकादम इथे येण्याआधी दोनदा घरातून निसटून हरवलेला आहे. मला जोखीम घेता येत नाही."

ताईनं अप्पांना सांगितलं. ते खुर्चीत बसून वर्तमानपत्राच्या घड्या घालत होते. "बरोबरच आहे बाईंचं," ते म्हणाले. "मी त्यांच्या जागी असतो तर मीही माझ्यासारख्याला दिलं नसतं."

आवाजात तक्रारीचा लवलेशही नव्हता. ताई बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून रडली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कामावरून सुट्टी घेऊन संस्थेत गेली. सिस्टर जमिनीवर बसून पिंजरा घासत होत्या.

"तुम्ही अप्पांना मांजर नाकारू नका," ताई म्हणाली. "दार त्यांनी लावलं होतं. मी ऐकलं होतं. मांजर मी टाकलं."

सिस्टरांचा ब्रश थांबला. त्यांनी हात पुसले, एक खुर्ची ओढून दिली आणि स्वतः समोर बसल्या. ताईनं पहिल्यापासून सांगितलं. चादरी, पहाटेची ओरड, पिशवी, बस. मग चिठ्ठ्या, डॉक्टर, किल्ली. कुठेही स्वतःची बाजू घ्यायची नाही, असं ती येताना ठरवून आली होती. तरी मध्येच "मला झोप नव्हती हो" असं तोंडातून गेलंच.

"मी रोज अशी मांजरं उचलून आणते," सिस्टर म्हणाल्या. "टाकणारं माणूस खुर्चीत बसून माझ्याशी बोलतंय, असं आज पहिल्यांदा झालं." मग म्हणाल्या, "मासळीबाजार म्हणालात? कधीची गोष्ट?"

ताईनं तारीख सांगितली. सिस्टर उठल्या आणि कपाटातून एक जाड वही घेऊन आल्या. पानं उलटत उलटत एका जागी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी ताईकडे पाहिलं.

"डाव्या पुढच्या पायाला पांढरा मोजा?"

तिनं मान हलवली.

"बर्फाच्या कारखान्यातल्या हमालांनी फोन केला होता. तुम्ही सोडलंत त्याच्या सहाव्या दिवशी. एका जागी बसून आहे म्हणाले, हलत नाही, खात नाही. मी स्वतः गेले होते. माणसाळलेली होती, लगेच मांडीवर आली. घरचं मांजर आहे, कुणीतरी शोधत असेल, म्हणून आम्ही बाजाराच्या भिंतीवर फोटो लावला. त्या भागातल्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे लावला." त्यांनी वही मिटली. "पाच दिवस नळीनं भरवलं. सहाव्या दिवशी गेली. टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर होती, एवढं सांगू शकते."

ताई उठली आणि पुन्हा बसली. तिच्या डोळ्यांपुढे तो कागदावरचा गोल आला. अप्पांचे पन्नास फोटो या काठावर, सिस्टरांचा फोटो त्या काठावर. तिनं त्या संध्याकाळी चप्पल काढताना खरं सांगितलं असतं, तर अप्पा दुसऱ्या दिवशी बाजारात असते. बर्फाच्या कारखान्यापर्यंत गेले असते. ते हमालांशीसुद्धा बोलले असते, ते कुणाशीही बोलायचे. तिसऱ्या दिवशी ती स्वतः तिथे होती. कारखान्याच्या मागे जायचं धाडस झालं नव्हतं तिला. बाजारातूनच परत फिरली होती.

"मी तुम्हाला बरं वाटेल असं काही बोलणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "मला राग आलाय. पण तुमच्या वडिलांना मांजर द्यायला माझी हरकत नाही. त्यांना, तुम्हाला नाही. आणि त्याआधी हे सगळं त्यांना ठाऊक पाहिजे."

"आज सांगते."

"हेही सांगा." त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "अर्धं सांगू नका."

*

अप्पा स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी मटार सोलत होते. ताई समोर बसली. खांद्यावरची पर्सही खाली ठेवली नाही. सांगायला लागली ती थेट शेवटपर्यंत, टॉवेलापर्यंत सांगून थांबली. अप्पांची बोटं मध्येच कधीतरी थांबली होती. एक शेंग अर्धी उघडून तशीच हातात राहिली.

त्यांनी विचारलं, "दार मी लावलं होतं?"

"हो."

"लॅच बसलं होतं?"

"हो अप्पा. मी आवाज ऐकला होता."

ते उठले. ड्रॉवरमधून पातळ पात्याची सुरी काढली आणि दारापाशी गेले. चिठ्ठीचा एक कोपरा उचलून, रंग न खरवडता, ती अलगद सोडवली. मग गॅसजवळची. मग नळाजवळची. टेपचा चिकटा राहिला होता तो तेलाच्या बोटानं पुसला. तिन्ही कागद टेबलावर ताईपुढे ठेवले.

"धाकट्याला फोन लाव," ते म्हणाले. "तू सांग. मी इथे बसतो."

धाकट्याला आधी समजलंच नाही, मग तो इतका ओरडला की अप्पांनाही ऐकू गेलं. "तुझ्यावर विश्वास ठेवून मी त्यांची किल्ली काढून घ्यायला लावली, ताई! बापाची किल्ली!" ताई फोन कानाला धरून उभी राहिली. तिनं तो कानापासून दूर नेला नाही. बोलणं संपल्यावर तिनं स्वतःच्या पर्समधून किल्ली काढून अप्पांसमोर ठेवली. त्यांनी ती खिशात टाकली.

चार दिवस ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. तिनं केलेलं जेवले नाहीत. स्वतः गॅस पेटवायचे, स्वतःपुरता भात लावायचे, डाळ करायचे, भांडं घासून उपडं घालायचे. नऊ महिन्यांत त्यांनी गॅस पेटवला नव्हता. ताई खोलीत बसून काडी ओढल्याचा आवाज ऐकायची. रागावलेला माणूस स्वयंपाक करतोय याचं तिला बरं वाटायचं, आणि आपल्याला बरं वाटतंय याची पुन्हा लाज वाटायची.

पाचव्या दिवशी ते एकटेच बाहेर पडले. जाळीची पेटी घेऊन परत आले, तर आत मुकादम. घरात येताच तो फ्रिजवर चढून बसला आणि दोघांवर नजर ठेवू लागला.

"हे मांजर माझं आहे," अप्पा म्हणाले. चार दिवसांनंतरचं पहिलं वाक्य. "त्याचं खाणंपिणं, मातीचा ट्रे, सगळं मी बघेन. तू त्याचं काही करायचं नाहीस."

"बरं."

तिनं ते पाळलं. मुकादम तिच्या खुर्चीत येऊन बसला तर ती उभी राहायची. वाटी रिकामी दिसली तर अप्पांना हाक मारायची. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "तुमचे अप्पा एकदम टुणटुणीत झाले हो, मांजराचा पायगुण!" ताई म्हणाली, "मांजराचा नाही, काकू. माझ्यामुळे आजारी पडले होते." आणि तिथे जिन्यातच तिनं त्यांनाही सांगितलं. काकू आ वासून बघत राहिल्या. दोन दिवसांत इमारतभर झालं. कुणी बोलून दाखवलं नाही, पण जिन्यात भेटल्यावर लोक आधी अप्पांशी बोलायचे.

अप्पा सिस्टरांकडे अधूनमधून जायला लागले. पिंजऱ्यांच्या कड्या सैल झाल्या होत्या, त्या त्यांनी सगळ्या बदलून दिल्या. भुरीला कुठे पुरलं तेही बघून आले. घरी येऊन त्यातलं काही सांगितलं नाही.

मात्र ते प्रश्न विचारायला लागले. कधीही, एका वेळी एकच. दाढी करताना आरशातून: "पिशवी कुठली होती? ती निळी?" ताई सांगायची, हो, निळी. पुन्हा आठ-दहा दिवस काही नाही. मग अचानक: "बसमध्ये ओरडली का?" ताई सांगायची, नाही, चेन थोडी उघडी ठेवली होती, त्यातून नाक बाहेर काढून बसली होती. "सोडल्यावर तुझ्या मागे आली?" मला माहीत नाही अप्पा, मी वळून बघितलं नाही. प्रत्येक उत्तर दिलं की अप्पा मान हलवून आपल्या कामाला लागायचे. खोटं किंवा गुळगुळीत काही सांगायचं नाही, एवढंच तिच्या हातात होतं.

एका रविवारी ते खुर्चीत बसून मुकादमाच्या मानेवरची गाठ विंचरत होते. ताई कपडे घडी करत होती.

"मला एक कळत नाही," ते म्हणाले. "टाकलंस ते टाकलंस. माणसाचं डोकं फिरतं. तू थकली होतीस, ते मला दिसायला हवं होतं. पण नंतर मी वेड्यासारखा दार ढकलून बघायचो, तू समोर असायचीस. तेव्हा का नाही बोललीस? मी काय मारलं असतं तुला?"

ताईनं हातातला सदरा खाली ठेवला. भीती वाटली, असं म्हणता आलं असतं. तुमची तब्येत, असंही म्हणता आलं असतं. दोन्ही ओठांपर्यंत आलं.

"तुम्ही स्वतःलाच दोष देत होतात," ती म्हणाली. "ते मला सोयीचं होतं, अप्पा."

कंगवा थांबला. मुकादमानं डोळा उघडून वर पाहिलं. अप्पा खिडकीकडे बघत राहिले. ताईला वाटलं आता ते उठून जातील, पुन्हा चार दिवस भात वेगळा लावतील.

"हं," ते शेवटी म्हणाले. "हे खरं वाटलं."

ते तिला माफ करतो म्हणाले नाहीत, आणि तिनंही मागितली नाही. दुपारी तळमजल्यावरच्या काकूंचा फोन आला, दारावरची घंटा वाजत नाही म्हणून. अप्पांनी हत्यारांची पेटी उचलली, बूट घातले आणि निघता निघता जिन्याच्या तोंडाशी थांबले.

"मला तास-दीड तास लागेल," ते म्हणाले. "वायर आतून बदलावी लागेल बहुतेक. चार वाजता त्याला खायला लागतं. डबा फडताळात खालच्या कप्प्यात आहे. दीड चमचा घाल, जास्त नको. मागत राहतो, ऐकायचं नाही."

"बरं," ताई म्हणाली.

तेव्हा साडेतीनही वाजले नव्हते. तिनं डबा काढून ओट्यावर ठेवला, चमचा धुवून पुसला आणि घड्याळाकडे बघत उभी राहिली. मुकादम फ्रिजवरून तिच्यावर लक्ष ठेवून होता.